चित्रातला घोडा आणि पडद्यावरचं टेनिस: ‘टॉपस्पिन २के२५’ची बलस्थानं आणि उणिवा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. निवडक प्रश्नोत्तरं शेवटी दिली आहेत.)



या मालेत नाटकावर बोलणं झालं, कादंबरीवर झालं, चित्रपटावर तर अनेकदा झालं. आज मी एका व्हिडिओ गेमवर बोलणार आहे. गेमचं नाव ‘टॉपस्पिन २के२५’. उच्चार ‘टू-के ट्वेंटी-फाइव्ह’ असा करायचा, हे मला नातवानं दोनदा बजावलंय. टेनिसचा गेम आहे, २६ एप्रिल २०२४ रोजी बाजारात आला.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं या भानगडीत का पडावं, असं कुणाला वाटेल. माझं उत्तर सरळ आहे. ज्या गोष्टीपुढे आपली मुलं रोज तास-दोन तास बसतात, तिच्याबद्दल आपण फक्त ‘बंद कर ते’ एवढंच म्हणत असू, तर ती टीका नव्हे, ती कटकट. टीका करायची तर ती वस्तू आधी नीट पाहावी लागते, तिचे गुण मान्य करावे लागतात, आणि मग दोष कुठे आहे ते नेमकं बोट ठेवून सांगावं लागतं. तेवढंच करायचा प्रयत्न आहे.

आधी आपल्या भागाबद्दल थोडं. गंमत बघा, आपल्या उपनगरांत टेनिसचा चेंडू टेनिसच्या आधी पोचला. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड, कुठल्याही सोसायटीच्या आवारात विचारा, ‘टेनिस बॉल’ म्हणजे काय? उत्तर मिळेल, क्रिकेट. काच फुटू नये म्हणून वापरायचा तो चेंडू. टेनिस हा खेळ मात्र क्लबच्या किंवा जिमखान्याच्या फाटकाआड. आणि ते समजण्यासारखं आहे. टेनिसचं कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि दुहेरीच्या रेषा धरल्या तर १०.९७ मीटर रुंद. म्हणजे २,८०० चौरस फूट, आणि भोवती पळायला लागणारी जागा वेगळी. एवढ्या जागेत आपल्याकडे चार-पाच कुटुंबं संसार करतात.

त्यामुळे इथल्या बहुसंख्य मुलांचं टेनिस पडद्यावरच झालं. नव्वदच्या दशकात घरोघरी कॅसेट घालायचे ते टीव्ही गेम आले, तेव्हा एकेका कॅसेटमध्ये पुष्कळ गेम भरलेले असत. त्यांत बहुधा निन्तेंदोचं १९८४ चं ‘टेनिस’ही सापडे. उंच खुर्चीवर पंच म्हणून मारिओ बसलेला असायचा. आज पस्तीस-चाळिशीत असलेल्या श्रोत्यांना तो आठवत असेल. पंधरा-शून्य, तीस-शून्य ही विचित्र मोजणी आपल्यातल्या अनेकांना त्या पंचानं शिकवली.

हे सांगायचं कारण असं, की ज्याच्याकडे कोर्ट आहे त्याच्यासाठी टेनिसचा गेम ही करमणूक आहे. ज्याच्याकडे कोर्ट नाही त्याच्यासाठी तेच टेनिस आहे. म्हणून हा गेम टेनिसबद्दल काय सांगतो, खरं सांगतो की खोटं, याला महत्त्व आहे.

आता दुसरी गोष्ट. हा गेम म्हणजे पुढचा भाग आहे, सीक्वेल आहे. ‘टॉप स्पिन’ मालिका २००३ साली सुरू झाली, दुसरा भाग २००६, तिसरा २००८, चौथा २०११. नंतर तेरा वर्षं काही नाही, आणि मग हा पाचवा. चौथा भाग जिनं केला त्या स्टुडिओचा वारसा सांगणाऱ्या हँगर १३ या कंपनीनं तो केला.

पुढच्या भागाची परीक्षा कशी घ्यायची? मला एक जुनं उदाहरण उपयोगी वाटतं. १९५८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ब्रूकहेव्हन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञानं, पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस उभं केलं. एक आडवी रेघ, मध्ये जाळं म्हणून एक उभी रेघ, आणि उडणारा ठिपका. पुढच्या वर्षी त्याची सुधारित आवृत्ती आली. पडदा मोठा होता, हे तर झालंच. पण त्यात आणखी एक सोय होती. चंद्रावर किंवा गुरू ग्रहावर टेनिस खेळलं तर चेंडू कसा उडेल, तेही पाहता येत होतं. चांगला पुढचा भाग असा असतो. तो पहिल्याच प्रश्नाचं चकचकीत उत्तर देऊन थांबत नाही, नवा प्रश्न विचारतो. ही कसोटी लक्षात ठेवू.

दुसरी कसोटी आपल्या घरातली आहे. भरताच्या रससूत्रावर भाष्य करणाऱ्यांपैकी शंकुक हा नवव्या शतकातला. त्याचा एक दृष्टान्त प्रसिद्ध आहे, चित्रतुरगन्याय. भिंतीवर घोड्याचं चित्र आहे. ते बघून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. हे ज्ञान कसलं? खऱ्या घोड्याचं ज्ञान नव्हे. पण भ्रमही नव्हे, कारण आपण फसलेलो नाही. ‘घोडा आहे की नाही’ असा संशयही नव्हे. ‘घोड्यासारखं काहीतरी’ अशी नुसती तुलनाही आपण करत नाही. या चारांपेक्षा वेगळी अशी ती प्रतीती आहे, आणि नटाला राम म्हणताना आपण हेच करतो, असं शंकुकाचं म्हणणं. पुढे अभिनवगुप्तानं शंकुकाचा अनुकरणाचा सिद्धान्त खोडून काढला, तो वाद मोठा आहे, आज त्यात जात नाही. मला त्यातला एकच धागा हवाय. कलेतल्या घोड्यावर बसायचं तर संशय बाजूला राहावा लागतो. संशय आला की चित्र उरतं, घोडा जातो.

तर या दोन कसोट्यांवर ‘टॉपस्पिन’ कसा उतरतो?

आधी बलस्थानं. पहिलं आणि सगळ्यांत मोठं म्हणजे काळाची जाण. बहुतेक खेळांच्या गेममध्ये बटण दाबलं की फटका बसतो. इथे तसं नाही. कुठला फटका मारायचा ते बटणावरून ठरतं: सपाट, टॉपस्पिन, स्लाइस, लॉब किंवा ड्रॉप. पण तो कसा बसेल हे ठरतं तुम्ही कधी दाबता आणि कधी सोडता यावर. नुसतं टिचकीसारखं दाबलं तर चेंडू नियंत्रणात राहतो. दाबून धरलं तर ताकद येते, मात्र मग नेमक्या क्षणी सोडावं लागतं. खेळाडूशेजारी एक छोटी पट्टी भरत जाते आणि प्रत्येक फटक्यानंतर सांगते, लवकर झालं, उशीर झाला, बरोबर झालं.

ऐकायला हे यांत्रिक वाटेल. पण टेनिस शिकवणारा कुठलाही प्रशिक्षक पहिल्या महिन्यात काय सांगतो? चेंडूच्या मागे धावू नकोस, आधी जागेवर पोच, रॅकेट मागे घे, थांब. हे ‘थांब’ फार अवघड आहे. गेमनं ते अंगठ्यात आणलंय. घाईनं जोरात मारायला जाणारा इथे हरतो, आणि का हरला ते त्याला कळतं. नवशिक्यासाठी एक शिकवणीचा विभाग आहे, त्यात जॉन मॅकेन्रोचा आवाज एकेक धडा समजावतो. पंचांशी भांडण्यासाठी ज्याची ख्याती, तो इथे शांतपणे पाय कुठे ठेवायचे ते सांगतो, यातही एक मौज आहे.

दुसरं बलस्थान, दमणं. लांबलेल्या रॅलीत खेळाडू थकतो, थकल्यावर फटका कमजोर होतो. त्यामुळे पहिल्या सेटमध्ये सगळी ताकद उधळणाऱ्याला तिसऱ्यात किंमत मोजावी लागते. करिअर म्हणून जो मुख्य विभाग आहे त्यात हेच तत्त्व वर्षभरावर पसरलंय. दर महिन्याला सराव, एखादा खास सामना आणि स्पर्धा. प्रवासानं शक्ती खर्च होते, फार ताणलं तर दुखापत होते. टेनिसपटूचं आयुष्य हे बरंचसं विमानतळावरचं आणि दुखऱ्या खांद्याचं आयुष्य आहे. करिअर विभाग त्याची थोडी चव देतो.

तिसरं, चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा इथे अधिकृतपणे आहेत. आणि विम्बल्डनचं गवत, पॅरिसची लाल माती नुसती रंगानं वेगळी नाही, चेंडू उसळतो वेगळा. ज्या मुलानं मातीचं कोर्ट आयुष्यात पाहिलेलं नाही, त्याला मातीवर रॅली लांब का चालते हे इथे हाताला कळतं.

थोडक्यात, सामना सुरू असताना हा घोडा पळतो. खरा नाही हे माहीत असतं, तरी संशय येत नाही. शंकुकाची कसोटी इथपर्यंत तो पार करतो.

आता उणिवा. काही किरकोळ आहेत, त्या पटकन सांगतो. चौथ्या भागात असलेले जोकोविच आणि नदाल पाचव्यात नव्हते. ज्या दोघांनी दशकं गाजवली तेच गैरहजर. सामन्याला समालोचन नाही. मला स्वतःला ती शांतता आवडली, पण पुष्कळांना ती रिकामी वाटते. हे सोडून देऊ. दोन उणिवा मात्र खोल आहेत.

एक म्हणजे दुहेरी. दुहेरीचा सामना मित्रमंडळींत खेळता येतो, पण करिअरमध्ये दुहेरी नाही. तुम्ही एकेरीचेच खेळाडू. आता भारतातून हे कसं दिसतं बघा. १९९९ साली पेस-भूपती जोडीनं फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकलं, दुहेरीत. सानिया मिर्झा जगात पहिल्या क्रमांकावर गेली, दुहेरीत. पुण्यात बालेवाडीला जी एटीपी स्पर्धा भरत होती, तिथे २०१९ ला बोपण्णा आणि दिविज शरण जिंकले, २०२२ ला बोपण्णा आणि रामकुमार, दोन्ही वेळा दुहेरीत. २०२३ नंतर ती स्पर्धाही आपल्याकडून गेली. हांगझोच्या आशियाई खेळांत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेनं बोपण्णाबरोबर सुवर्ण मिळवलं, मिश्र दुहेरीत. आणि हा गेम येण्याच्या जेमतेम तीन महिने आधी, जानेवारी २०२४ मध्ये, रोहन बोपण्णानं त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली आणि तो जगात पहिला आला.

म्हणजे आपल्याला टेनिसमध्ये जे काही मिळालंय, त्यातलं बरंचसं कोर्टाच्या कडेच्या त्या दोन पट्ट्यांमुळे मिळालंय. प्रत्येकी १.३७ मीटरच्या. गेममधल्या प्रत्येक कोर्टवर त्या पट्ट्या आखलेल्या आहेत, आणि करिअरभर तिथे पडलेला चेंडू ‘आउट’. मी हे राष्ट्राभिमानानं म्हणत नाही. दुहेरी हा वेगळा विचार आहे. जोडीदाराच्या चुकीचा गुण आपल्या नावावर जातो, तरी त्याच्याकडे बघून मान डोलवायची. स्वतः जिंकायचं नसतं, दोघांनी मिळून जिंकायचं असतं. तेरा वर्षांनी येणाऱ्या पुढच्या भागाला नवा प्रश्न विचारायचा होता तर तो इथे होता. जोडीदार कसा निवडायचा, तो टिकवायचा कसा, त्रेचाळिसाव्या वर्षी पाय मंदावल्यावर नेटजवळ उभं राहून डोक्यानं कसं खेळायचं. हे करिअर कुणी लिहिलंच नाही. १९५९ चा तो ऑसिलोस्कोप गुरूवर गेला होता, हा गेम बाजूच्या पट्टीतसुद्धा गेला नाही.

दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. ती पैशाची.

गेम विकत घ्यायला काही हजार रुपये लागतात. त्यानंतर आत एक चलन चालतं, त्याला व्हीसी म्हणतात. ते खेळून मिळतं आणि खरे पैसे देऊनही मिळतं. त्या चलनातून कपडे घ्यायचे, प्रशिक्षक नेमायचे, जगभर घरं घ्यायची म्हणजे प्रवासाचा थकवा कमी होतो. खेळाडू वरच्या पातळीवर गेला की गुण वाटायचे असतात, इतके सर्व्हिसला, इतके फोरहँडला, इतके चपळाईला. हे गुण वाटण्यात चूक झाली आणि पुन्हा वाटायचे झाले, तर गेम बाजारात आला तेव्हा त्यालाही व्हीसी मोजावं लागत होतं.

कपड्यांबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला लाल टोपी हवी त्यानं घ्यावी. पण बाकीच्याचं काय? बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८ साली खेळाची एक व्याख्या केली. तिचा आशय असा, की ज्या अडथळ्यांची गरज नव्हती ते आपण होऊन पत्करायचे आणि ओलांडायचे, म्हणजे खेळ. चेंडू जाळ्यापलीकडे न्यायचा तर हातानं नेऊन ठेवता येईल. आपण तसं करत नाही. लांबचा, अवघड मार्ग घेतो, कारण त्या अवघडपणासाठीच आपण आलोय.

आता ज्यानं अडथळा उभारला त्याच्याच शेजारी त्याचं दुकान आहे आणि दुकानात अडथळ्यातून सुटका विकायला ठेवलीय, असं समजा. करिअरमध्ये वर चढायला फार वेळ लागतोय. का लागतोय? टेनिस खरोखर इतकं चिवट आहे म्हणून? की मी कंटाळून पाकीट काढावं म्हणून? मी कंपनीच्या मनात शिरू शकत नाही. हेतू वाईट आहे असाही माझा दावा नाही. मुद्दा असा, की मला आता हे ओळखता येत नाही. खेळाचा अडथळा कुठला आणि दुकानाचा कुठला, ते कळायची सोय राहिली नाही. इथे संशय आत आला. शंकुकानं जो दाराबाहेर ठेवला होता, तोच. आणि एकदा आला की तो सगळीकडे पसरतो. दमणं, प्रवास, दुखापत, ज्यांचं मी आत्ता कौतुक केलं, त्या प्रत्येकाकडे मी तिरप्या नजरेनं पाहू लागतो.

याला जोडूनच एक गोष्ट. करिअर खेळायला सतत इंटरनेट लागतं. समोर दुसरा माणूस नाही, यंत्राशीच खेळायचंय, तरी कंपनीचा सर्व्हर चालू पाहिजे. मारिओ पंच असलेली ती कॅसेट तीस वर्षांनी फुंकर मारून घातली तरी चालेल. इथे सर्व्हर बंद करायचं ज्या दिवशी कुणी ठरवेल, त्या दिवशी वर्षानुवर्षं वाढवलेला तुमचा खेळाडू जातो. पैसे देऊन घेतलेली वस्तू आपली आहे की भाड्याची, हे तरी ग्राहकाला ठाऊक असावं.

न्यायानं हेही सांगितलं पाहिजे, की गेममध्ये असा एक विभाग आहे जिथे सगळे तयार, नामवंत खेळाडू घेऊनच ऑनलाइन खेळतात. तिथे तुमच्या खेळाडूला किती गुण आहेत, कुठला प्रशिक्षक आहे, हा प्रश्नच येत नाही. तिथे फक्त हात आणि वेळ. माझ्या मते अख्ख्या गेममधली ती सगळ्यांत प्रामाणिक जागा. गेम बनवणाऱ्यांना प्रामाणिक कोर्ट आखता येतं, याचा तो पुरावाच आहे.

तर निकाल असा. कोर्टाच्या आत हा टेनिसचा फार चांगला गेम आहे. मारण्याआधी थांबावं लागतं, हे टेनिसचं सत्य त्यानं पकडलंय. पुढचा भाग म्हणून तो भित्रा आहे, दुहेरीचा प्रश्न त्यानं टाळला. आणि कोर्टाबाहेर त्यानं जे दुकान मांडलंय, ते त्याच्याच सत्यावर शंका घ्यायला लावतं. थांबायला शिकवणारा गेम, न थांबण्याचे पैसे घेतो. हा विरोध त्यानं सोडवलेला नाही.

प्रश्नोत्तरं

प्रश्न (मुलुंडच्या एक श्रोत्या): सर, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. घेऊन द्यावा का?

उत्तर: ताई, द्यायला हरकत नाही, पण कार्डाचा नंबर त्यात भरून ठेवू नका. आणि एक करा, पहिला आठवडा त्याच्याबरोबर तुम्ही खेळा. दोघं एका बाजूला, दुहेरी. करिअरमध्ये नाही, पण घरी एका सोफ्यावर बसून खेळता येते. तो तुमच्यावर वैतागेल, तुम्ही चेंडू सोडाल, तो मान डोलवायला शिकेल. गेममध्ये जे कमी आहे ते घरात भरून काढता येतं.

प्रश्न (एक तरुण श्रोता): पण सर, खऱ्या टेनिसमध्येही पैसा लागतोच ना? प्रशिक्षक, प्रवास, रॅकेट. ज्याच्या वडिलांकडे पैसा तोच पुढे जातो. मग गेमनं तेच दाखवलं तर ते वास्तववादीच झालं की.

उत्तर: चांगला मुद्दा आहे, आणि त्याचा पूर्वार्ध मला पूर्ण मान्य आहे. गेममधल्या बक्षिसाच्या पैशातूनच प्रशिक्षक नेमायचा असता, तर मीही त्याला वास्तवाचं चित्रण म्हटलं असतं. तो चित्रातला पैसा झाला असता. पण इथे चित्रातल्या घोड्याला खरा चारा घालायला सांगतात, आणि चाऱ्याचं बिल तुमच्या वडिलांच्या नावावर येतं. दुसरं असं, की क्लबच्या फाटकाबाहेर राहिलेल्या मुलाला पडद्यानं एक आशा दाखवली होती. इथे सभासदत्व लागत नाही, २,८०० चौरस फूट लागत नाहीत, वडिलांचा खिसा लागत नाही, फक्त तुझा हात आणि तुझा संयम. त्यातली वडिलांच्या खिशाची गोष्ट आता पुन्हा मध्ये आली. तिला वास्तववाद म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा. मी तिला फाटक म्हणेन.

प्रश्न (एक ज्येष्ठ श्रोते): या खेळानं खरं टेनिस येतं का हो?

उत्तर: नाही येत. खांदा आणि गुडघा यांतलं काही कळत नाही त्याला. पण टेनिस बघता येऊ लागतं. समोरच्यानं स्लाइस का मारला, तो पुढे का आला, हे दिसायला लागतं. संगीत ऐकायला शिकलेला माणूस गायला लागतोच असं नाही, तरी त्याचा कान तयार झालेला असतो. तेवढं हा गेम नक्की देतो, आणि तेवढ्यासाठी पैसे मागत नाही.